मनाविरुद्धची नोकरी बदलायची कशी? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नोकरदारांसाठी

उद्यमबाग, माच्छे किंवा होनग्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या कुणालाही विचारा, ही नोकरी तू निवडलीस कशी? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "निवडली कुठं? मामानं चिकटवलं." कुणी गल्लीतल्या मित्रामागोमाग फौंड्रीत शिरला. कुणाला आयटीआयला इलेक्ट्रिशियन हवं होतं, पण जागा टर्नरची मिळाली. कुणी पहाटे उठून वर्षानुवर्षं धावला आणि लष्करभरतीचं वय उलटल्यावर हाताला लागेल ते काम धरलं. खडेबाजारात, गणपत गल्लीत साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींत पदवीधर किती तरी आहेत.

मी बरीच वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी-पगार बघणाऱ्या खात्यात काढली. राजीनामे माझ्याच टेबलावर यायचे. रागाच्या भरात सोडून गेलेले काही जण सहा महिन्यांनी कमी पगारावर परत यायचे. आपल्याला नेमकं काय जमत नाही हे कळून गेलेले मात्र सहसा परत येत नसत. आले तरी पेढे घेऊन. "पगार मिळूलालाय, खरं मन रमंना," असं ज्यांना वाटतं त्यांनी हा लेख वाचावा. पायऱ्या क्रमाने घ्या. राजीनाम्याची पायरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे.

पायरी पहिली: नेमकं काय खुपतंय ते शोधा

"नोकरी आवडत नाही" या एका वाक्यात पाच निरनिराळ्या तक्रारी लपलेल्या असतात. काम स्वतःच नकोसं असतं, किंवा वरचा साहेब नकोसा असतो. कधी पाळीची वेळ अंगावर येते, कधी जाण्यायेण्यात जीव जातो. कधी काम ठीक असतं, पण पगार आणि पुढची वाट खुंटलेली असते. या पाचांवर पाच वेगळे उपाय आहेत. साहेबाशी पटत नाही म्हणून जो धंदाच बदलतो, तो हातची कला घालवून बसतो. आणि ज्याला कामच नकोसं आहे त्याने नुसती कंपनी बदलली, तर तोच त्रास नव्या गेटमधून आत येतो.

यासाठी एक साधी वही करा. चार आठवडे, रोज घरी आल्यावर दोनच ओळी. आज कोणत्या कामात वेळ जाता जात नव्हता? आणि कोणत्या कामात जेवणाची सुट्टी कधी झाली ते कळलं नाही? मोठं काही लिहू नका, "आज कंटाळा आला" असंही लिहू नका. काम लिहा, माणूस लिहा, वेळ लिहा. चार आठवड्यांनी वही उघडली की एकाच गोष्टीची नोंद पुन्हा पुन्हा दिसेल.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगतो. फेटलिंगला एक पोरगा होता. फेटलिंग म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगचे रायझर, म्हणजे जादा धातूचे खुंट तोडायचे, कडांवर राहिलेली बर, म्हणजे धातूची धार, ग्राइंडरने काढायची. दिवसभर ठिणग्या, कानठळ्या आणि मास्कच्या आतपर्यंत जाणारी धूळ. तो सारखा म्हणायचा, फौंड्रीचं कामच नको. पण त्याचं लक्ष कुठं असायचं? कास्टिंग घासून झालं की दुसरे लोक ते ट्रॉलीत टाकून मोकळे व्हायचे. हा मात्र उजेडाकडे धरून फिरवून बघायचा, बोळ, म्हणजे भोक, दिसलं की खडूने गोल करायचा, इन्स्पेक्शनवाल्याचा व्हर्नियर मागून भिंतीची जाडी मोजायचा. नंतर त्याला इन्स्पेक्शनला घेतलं. कारखाना तोच, गेट तेच, डबाही तोच. माणूस वेगळा झाला. त्याला फौंड्री नको नव्हती, ग्राइंडर नको होता.

वहीत एक गोष्ट वेगळ्या रंगाने लिहा: शरीराची आणि मनाची. सिलिकाची धूळ छातीत बसते ती परत निघत नाही, मोठ्या आवाजाने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. सततचा खोकला, दम लागणं, कानात शिट्टी वाजणं, हे असेल तर चार आठवडे थांबू नका. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल, तर ईएसआयच्या दवाखान्यात तपासणी हा तुमचा हक्क आहे. झोप उडाली आहे, रडू येतंय, जगणंच नको वाटतंय, अशी वेळ असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट क्रमांक लावा. चोवीस तास चालतो, अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. नोकरीचा निर्णय त्यानंतर.

पायरी दुसरी: आहे तिथेच बदल मागून बघा

ही पायरी लोक गाळतात, कारण मागायची भीती वाटते. आपल्याकडे साहेबापुढे तोंड उघडायचं म्हणजे फक्त रजा किंवा ॲडव्हान्ससाठी, असा समज आहे. पण ओळखीच्या माणसाला दुसऱ्या खात्यात हलवणं मालकाला नवा माणूस शिकवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

डिस्पॅचची गाडी लागलेली असताना विचारू नका. पाळी बदलण्याच्या गडबडीत तर नकोच. महिन्याचं प्रॉडक्शन पूर्ण झाल्यावरचा दिवस बघा. तक्रारीने सुरुवात करू नका आणि एका महिन्याची मुदत मागा. साधारण असं:

"साहेब, फेटलिंगला मला तीन वर्षं झाली. कास्टिंगमधला दोष मला लवकर दिसतो, तुम्हीही बघितलाय. एक महिना इन्स्पेक्शनला घेऊन बघा. माझ्या जागी येणाऱ्याला मी शिकवतो. नाही जमलं तर परत इथंच."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्याने साहेबाची जोखीम संपते. नकार आला तर कारण विचारा. "तुझं कन्नड कच्चं आहे", "ड्रॉइंग वाचता येत नाही", "जागाच नाही" यांतलं जे कारण मिळेल, तेच तुमचं पुढच्या सहा महिन्यांचं शिक्षण. पाळीचा किंवा अंतराचा त्रास असेल तर बदली मागणं आणखी सोपं असतं, कारण पाळी बदलून घ्यायला दुसरा कुणीतरी तयार असतोच.

पायरी तिसरी: घरचा हिशेब कागदावर मांडा

इथे मन कठोर करा. महिन्याला टाळता न येणारा खर्च लिहा: भाडं, किराणा, मुलांची फी, औषधं, पतसंस्थेचा हप्ता, बायकोच्या बचत गटाचा हप्ता, भिशी, गावी आई-वडिलांना पाठवायचे पैसे. समजा बेरीज १४,००० आली. मग नोकरी न सोडता आधी सहा महिन्यांचे, म्हणजे ८४,००० रुपये बाजूला पडले पाहिजेत. एवढे जमत नसतील तर निदान तीन महिन्यांचे, आणि त्या स्थितीत नवी नोकरी पक्की झाल्याखेरीज जुनी सोडायची नाही.

पतसंस्थेच्या बाबतीत आणखी एक बघा. तुम्ही कुणाला जामीन आहात का? आपल्याकडे मित्राला, चुलतभावाला जामीन राहणं ही रीतच आहे. त्याचा हप्ता थकला की संस्था तुमच्या दारात येते. नोकरी सोडण्याआधी ती खाती कुठपर्यंत आली आहेत ते विचारून घ्या.

आता कंपनीकडे अडकलेले पैसे. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना केलेल्या वर्षांबद्दल कंपनी देते ती रक्कम, कायम कामगाराला सलग ५ वर्षं झाल्यावर मिळते. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि मग वर्षांनी गुणायचं. १३,००० वर सहा वर्षांचे ४५,००० होतात. साडेचार वर्षं भरली असतील आणि अंगाला अपाय होत नसेल, तर सहा महिने कळ काढा. मुदतीच्या करारावर असाल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेनुसार एका वर्षानंतरही हक्क येतो, तो विसरू नका.

पीएफ शक्यतो काढू नका. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, एकच ठेवा आणि नव्या ठिकाणी खातं वळवून घ्या. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. रक्कम काढून घेतली की मागची वर्षं त्या मोजणीतून जातात. ठेकेदाराच्या हाताखाली असाल तर आजच उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेले पैसे खात्यात पडलेच नाहीत, हे सोडून गेल्यावर कळून उपयोग नाही.

पायरी चौथी: दोन्ही बाजूंची दारं ठोठवा

सीमाभागाचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. पण कामाच्या बाबतीत इथल्या माणसासमोर दोन राज्यं आणि वर गोवा उघडा आहे. आपण मात्र रोजच्या बसमधून दिसतं तेवढंच बघतो.

आधी कर्नाटकाची बाजू. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनतात. तिथं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन चालवणारा, ड्रॉइंग वाचणारा माणूस लागतो. उद्यमबागेत लेथवर हात बसलेल्या पोराने सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं तर ही उडी फार लांबची नाही. पण सुपरवायझर, स्टोअर्स, बँक, हॉस्पिटल, कोणत्याही जागी वर चढायचं तर कन्नड हवंच. मी मराठी माणूस आहे, मराठी शाळा टिकाव्यात म्हणून मला तळमळ आहे. आणि तरीही प्रत्येक मराठी पोराला सांगतो, कन्नड बोलायला-वाचायला शिक. कारखान्यात हजेरी, माप, वेळ, सूचना यांचं कन्नड आधी पक्कं करा. बसच्या पाट्या, कंपनीच्या नोटिसा रोज वाचा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांना कन्नडची अट असतेच. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या ३बी प्रवर्गात येतो. ते प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढून ठेवा.

पलीकडे, वेंगुर्ले रस्त्यावर शिनोळीची एमआयडीसी आहे. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांना ती शहराइतकीच जवळ. निपाणी, चिकोडीकडच्यांना कागल आणि गोकुळ शिरगाव सोयीचं. महाराष्ट्राच्या पोलीस आणि इतर सरकारी भरतीच्या जाहिराती नीट वाचा: महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांसाठी तरतूद असते, त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते, म्हणून तुमचं गाव यादीत आहे का आणि दाखला कुणाकडून घ्यायचा, हे आधीच बघून ठेवा. कर्नाटकातलं जातीचं प्रमाणपत्र महाराष्ट्राच्या आरक्षणाला आपोआप चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते तपासा. इथल्या पोरांचं एक नाव मराठी वळणाचं, एक कन्नड वळणाचं असतं, आणि पडताळणीच्या टेबलावर तेवढ्यावरून फाईल परत येते.

केंद्राच्या परीक्षांकडे आपल्याकडचे लोक उगाच घाबरून पाठ फिरवतात. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षा मराठीतून देता येतात. स्टाफ सिलेक्शनची मल्टिटास्किंग आणि निमलष्करी दलांची कॉन्स्टेबल परीक्षासुद्धा मराठीतून होते. भरतीसाठी ज्यांनी धावण्याची तयारी केलेली आहे, त्यांनी या शेवटच्या परीक्षेच्या वयाची अट आजच बघावी.

गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पगार जास्त दिसतो. खोलीचं भाडं, खाणावळ आणि महिन्याच्या दोन फेऱ्या वजा करून मग तुलना करा.

पायरी पाचवी: सोडण्याआधी चाखून बघा

जे काम करायचं मनात आहे ते लांबून नेहमीच चांगलं दिसतं. ज्याला हॉटेल टाकायचंय त्याने आधी ओळखीच्या हॉटेलात सलग चार रविवार पहाटेपासून उभं राहावं. दूध धंद्यात उतरायचंय तर पाहुण्यांच्या गोठ्यात आठवडाभर शेण काढावं.

खडेबाजारातल्या एका दुकानात काम करणाऱ्या खानापूरकडच्या मुलीने हे फार शहाणपणाने केलं. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडून पाय सुजायचे. पण रात्री गल्ल्याचा हिशेब जुळत नसला की मालकीणबाई तिलाच हाक मारायच्या, आणि तेवढा अर्धा तास तिला थकवा जाणवायचा नाही. तिने बारा तासांची नोकरी एकदम सोडली नाही. आधी टॅलीचा, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवण्याचा क्लास लावला. मग टिळकवाडीत एका कर सल्लागाराकडे सुट्टीच्या दिवशी नुसती बिलं भरायला जाऊ लागली, पैसे जवळजवळ नव्हतेच. मार्चअखेरची गर्दी अंगावर घेऊन बघितल्यावर तिला खात्री पटली, आणि त्या सल्लागारालाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे क्लाससाठी बेळगावला येण्याचा खर्च वाचतो. घरच्यांना पटवताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, गाठा. उजिरे इथं १९८२ मध्ये धर्मस्थळ आणि बँकांनी मिळून सुरू केलेल्या रुडसेटीच्या धर्तीवर या संस्था देशभर निघाल्या. शिलाई, मोबाईल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय, वायरिंग असं प्रशिक्षण फुकट, राहण्याजेवण्यासकट. तुमच्या बँकेच्या शाखेत विचारलं की पत्ता मिळतो. पुढे पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेतून कर्ज घेता येतं: उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा, सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प. खेड्यात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग अशांना ३५ टक्के अनुदान. स्वतःचे पैसे १० किंवा ५ टक्के घालावे लागतात. अनुदान मिळतंय म्हणून धंदा काढू नका. धंदा चालणार असेल तर अनुदान घ्या.

शेतीत परतणाऱ्यांना एकच सांगणं. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा नियम आहे, पण घरखर्च त्या तारखेवर बांधू नका. भाजी, रताळी, दूध असं हातात लवकर पैसा देणारं काही जोडीला हवं.

पायरी सहावी: घरी सांगा, आणि ज्यांनी चिकटवलं त्यांना आधी सांगा

आपल्याकडे नोकरी एकट्याची नसते. मामाने साहेबाला शब्द टाकलेला असतो. तुम्ही गुपचूप सोडलीत तर मामाची मान खाली जाते, आणि पुढे धाकट्या भावासाठी त्यांचा शब्द चालत नाही. म्हणून राजीनाम्याआधी त्यांच्या घरी जा. फोनवर नको.

"मामा, तुम्ही लावून दिलात म्हणून चार वर्षं घर चाललं. खरं आता त्या धुळीचा छातीला त्रास होऊलालाय. मशीनचं काम शिकलोय, माच्छेला जागा पक्की झाली. साहेबांना मी रीतसर महिन्याची नोटीस देतो, तुमचं नाव खराब होऊ देत नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय कागद देत नाही म्हणून आलो."

आधी उपकार, मग कारण, मग पुढची सोय, मग त्यांची अब्रू. या क्रमाने बोललं की बहुतेक मामा शेवटी "जा बाबा, बरं कर" म्हणतात. बायकोला मात्र हिशेबाच्या वहीसकट सांगा, आणि सर्वांत आधी. सोनं गहाण ठेवायची पाळी आली तर ते तिचं असतं. घरात लग्नकार्य ठरलं असेल तर ते पार पडू द्या.

पायरी सातवी: राजीनामा आणि कागद

नवी नेमणूक लेखी हातात आल्यावरच राजीनामा. तोंडी "ये सोमवारपासून" यावर जुनी नोकरी सोडू नका. राजीनामा दोन प्रतींत लिहा, तारीख घाला, एका प्रतीवर पोच घ्या. कारणात "घरगुती" एवढंच पुरे, सुपरवायझरचा हिशेब तिथे चुकता करू नका. नोटिशीचा काळ पूर्ण कामाने भरा.

निघताना हे हातात घ्या: रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कर कापला असेल तर त्याचा कागद, उरलेल्या रजेचे पैसे आणि अंतिम हिशेबाचा कागद. अनुभवाच्या दाखल्यावर "हेल्पर" लिहिलंय की "ऑपरेटर" ते तिथेच वाचा. पुढच्या ठिकाणी पगार त्या एका शब्दावर ठरतो. कारखाना बोनसच्या कायद्यात बसत असेल आणि त्या आर्थिक वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल, तर सोडून गेल्यावरही त्या वर्षाचा बोनस मागता येतो. केवळ दिवाळीच्या बोनससाठी चांगली संधी घालवायची गरज नाही.

न सांगता गैरहजर राहून नोकरी सोडणारे पुष्कळ आहेत. त्यांना दाखला मिळत नाही, पीएफ खात्यात सोडल्याची तारीख पडत नाही, आणि उद्यमबागेत एका टाइम ऑफिसातून दुसऱ्या टाइम ऑफिसात फोन जायला दोन मिनिटं लागतात.

नव्या जागी पहिले तीन महिने

तीच वही पुन्हा सुरू करा, तशीच दोन ओळींची. पहिल्या महिन्यात सगळंच जड जातं, त्यावरून मत बनवू नका. तिसऱ्या महिन्यात मात्र जुन्या पानांशी ताडून बघा. जुनी नोंद परत दिसू लागली, तर साहेबाशी तेव्हाच बोला, वर्ष जाऊ देऊ नका. आणि त्याच सुमाराला पीएफचं पासबुक उघडून जुनी रक्कम नव्या खात्यात आली का ते बघा. आली नसेल तर बहुधा जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नसते. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्हाला स्वतःला पोर्टलवर भरता येते.